पाटीवस्ताद

आमच्या भासऱ्यांनी जन्मात कोणाला बोट लावलं नाही, आणि अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांच्याइतक्या कुस्त्या कोणी खेळल्या नसतील. त्या सगळ्या कुस्त्या पाटीवर झाल्या. एक दगडी पाटी, चौकटीला सुतळीने बांधलेली पेन्सिल आणि एक ओलं फडकं. एवढ्या सामानावर आमच्या ओसरीत रोज संध्याकाळी दोन माणसं समोरासमोर मांडी घालून बसत आणि तोंडातून चकार शब्द न काढता एकमेकांना धोबीपछाड घालत. एक जण आपला डाव पाटीवर लिहून पाटी पुढे सरकवी. दुसरा तो वाचून पुसे, आपला डाव लिही आणि पाटी परत सरकवी. दिवे लागेपर्यंत हे चाले. शेवटी दोघंही घाम पुसत उठत. घाम कशाचा, ते मला आजवर कळलं नाही.

भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, त्र्यंबकराव. धंदा अर्जनवीसाचा. कोर्टाच्या आवारात निंबाखाली पेटी मांडायची आणि लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. अंगाने असे, की सदरा खुंटीला टांगला काय आणि त्यांच्या अंगात घातला काय, सारखाच दिसे. विहिरीवरून बादली आणताना वाटेत दोनदा टेकवत, आणि तीही अर्धीच असे. खऱ्या आखाड्यात ते कधी पाऊल टाकायला गेले नाहीत. मातीने शिंका येतात म्हणत. अशा माणसाला गल्ली वस्ताद म्हणे. तोंडावर वस्ताद आणि वळणावर गेले की पाटीवस्ताद.

ह्या खेळात शिकवण्यासारखं ते काय, असं कोणालाही वाटेल. पण नवा माणूस आला, की त्याला ते सुरुवातीला पाटीला हातसुद्धा लावू देत नसत. नुसतं बसवून कलमं सांगत. कोर्टाची हवा लागलेली. साध्या खेळाला नियम असतात, ह्यांच्या खेळाला कलमं होती.

"कलम पहिलं," बोट वर करून ते सांगत, "आपन काय करून राहिलो, तेवढंच लिहाचं. 'हात धरून राहिलो' लिहा. 'हात धरला' लिहू नका. धरला का सुटला, हे ज्याचा हात आहे तो सांगीन."

"अन् पाडलं तं?" नवा माणूस विचारी.

"पाडलं कोनी लिहीतच नाही. 'पडलो' लिहितात. ज्याले पडाचं आहे तो."

"अन् ज्याले पडाचंच नाही तो?"

"तो पडत नाही," वस्ताद म्हणत. आणि ह्याच सोयीच्या कलमावर ते स्वतः इतकी वर्षं अजिंक्य राहिले होते. दर डावाला ते निसटून राहिले, सरकून राहिले, कुशीवर वळून राहिले. पडले कधी नाहीत.

हे कलम त्यांनी कोर्टावरून काढलं होतं, असं ते अभिमानाने सांगत. "अर्ज लिवाले येते तो म्हनते, मले मारलं. ज्याच्यावर अर्ज आहे तो म्हनते, मी फक्त हात उचलला. आता मले सांगा, मधली गोष्ट कोनाले माहीत? ज्याच्या गालावर बसली त्याले." ऐकणारे मान हलवत. दिवसभर दुकानात नाहीतर शाळेत डोकं शिणलेलं असलं, की माणूस कशालाही मान हलवतो.

शाळेत पुण्याकडचे एक जोशी मास्तर बदलून आले होते. बिऱ्हाड आमच्याच गल्लीत. संध्याकाळी करमत नाही म्हणून तेही येऊन बसले. कलमं ऐकून घेतली आणि पहिल्याच पाटीवर वळणदार अक्षरात लिहिलं, 'मी प्रतिस्पर्ध्यास उचलून भूमीवर आपटले व त्याच्या वक्षस्थळावर आरूढ झालो.'

वस्तादांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

"मास्तर, हे कोनी केलं?"

"मी."

"कधी?"

"आत्ताच की."

"मले तं काई समजलंच नाही. मी तं अठी पान खाऊन राहिलो."

मास्तरांनी ते पुसलं आणि लिहिलं, 'आपटण्याचा प्रयत्न करीत आहे.' वस्तादांचं त्यानेही समाधान होईना. "करीत आहे म्हंजे काय? करून राहिले का बसून राहिले? नीट लिहा."

"अहो, 'करून राहिलो' हे व्याकरणदृष्ट्या चूक आहे."

"व्याकरन पुण्यात, मास्तर. आखाडा अठी आहे."

मास्तर रागारागाने चप्पल घालून गेले. दुसऱ्या दिवशी आले. पुढे तर त्यांना ह्या खेळाची अशी चटक लागली, की वर्गात एकदा पोरांना "काय रे, काय करून राहिले?" असं ओरडले आणि पोरं बाकावरून पडेपर्यंत हसली. एका शिकलेल्या माणसाची अशी वाट लावल्याबद्दल भासऱ्यांना काही वाटलं असेल, असं वाटत नाही. उलट त्यांनी ते चार जणांना सांगितलं.

दुसरं कलम पायाचं. कोणताही डाव लिहिला, की त्या वेळी आपले पाय कुठे आहेत ते लिहायचं. ते विसरलं, की वस्ताद पाटी परत सरकवत आणि म्हणत, "अन् पाय?" ही त्यांची इतकी आवडती हरकत होती, की ती ते आखाड्याबाहेरही घेत. गल्लीतला कोणी सांगायला यावा, की वस्ताद, पोरीसाठी फार चांगलं स्थळ आलं, दर्यापूरकडे ओलिताची जमीन आहे, घरी दोन बैलजोड्या आहेत. ह्यांनी सगळं ऐकून घ्यावं आणि विचारावं, "अन् पाय?" त्या बिचाऱ्याला वाटे, मुलगा लंगडा असल्याची ह्यांना खबर आहे. एक लग्न ह्या दोन शब्दांपायी मोडता मोडता राहिलं.

तिसरं कलम किराणावाल्या शंकरलालमुळे झालं. त्याने एकदा डाव लिहिला, 'मांडी धरून राहिलो, पाय फाकवून, अन् वस्ताद मनातून घाबरले.'

"शंकरलाल, माझ्या मनात तू कोठून शिरला गा? दार कोनी उघडलं?"

"तोंडावरून दिसते ना वस्ताद."

"तोंडावरून दिसते तं तोंडाचं लिही. मन माझं आहे."

शंकरलालने चिडून पुढच्या डावाला मारुतीला बोलावलं. 'मारुतीराया गदा घेऊन माझ्या मदतीले येऊन राहिले' असं लिहून त्याने पाटी आपटली. वस्तादांनी ती हळूच त्याच्याकडे परत सरकवली. "मारुती आले असतीन तं चांगलंच आहे. त्यांले एक येगळी पाटी द्या. त्यांचा डाव ते लिहितीन." त्या दिवसापासून देव, भुतं आणि खिशातून निघणारी शस्त्रं बंद झाली. हे चौथं कलम.

पाचवं कलम मात्र, मी नावं ठेवत असले तरी, बऱ्यापैकी होतं. पाटीच्या पुढच्या बाजूवर आखाडा, मागच्या बाजूवर संसार. म्हणजे कुस्ती चालू असताना कोणाला काही घरचं बोलायचं झालं, पाणी पाहिजे, उद्या येत नाही, उधारीची साखर कधी पाठवता, तर पाटी उलटी करून मागे लिहायचं. पुढे लिहिलं ते खेळातलं, त्याचा राग धरायचा नाही. मागे लिहिलं ते खरं. आणि ज्याची पुढे कुस्ती चालू आहे, त्यालाच मागे लिहायचा हक्क.

एकदा गणपत पहिलवान आला. हा खरा पहिलवान, नागपंचमीच्या दंगलीत नारळ जिंकणारा. त्याला सगळे डाव येत, लिहिता मात्र नीट येईना. एक ओळ लिहायला त्याला इतका वेळ लागे, की वस्ताद मध्ये पान लावून घेत. शेवटी त्याचा 'ढाक' डाव तीनदा परत आला. कधी पाय विसरला, कधी 'मारली' लिहिलं. तो उठला आणि त्याने वस्तादांना दोन्ही काखांत धरून वर उचललं.

"पाटीवर लिही! पाटीवर लिही बे!" वस्ताद हवेतून ओरडले.

"काय लिहू?"

"काय करून राहिला ते लिही! अन् पाय कोठी आहेत ते!"

"माह्ये भुईवर आहेत, वस्ताद," गणपत म्हणाला. "तुमचे नाहीत."

मी आतल्या दाराआड पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत होते. खाली ठेवल्यावर वस्तादांनी टोपी नीट केली, बसले आणि निकाल दिला, "लिहिलं नाही, म्हनून झालं नाही."

हे सगळं मला माहीत असायचं कारण म्हणजे दाराची फट आणि पाट्या. दर आठवड्याला ओसरीतल्या सगळ्या पाट्या आत येत आणि मी त्या कोळशाने घासून धूत असे. फडक्याने पुसलेलं पाटीवर पुसट उरतंच, आणि मला वाचता येतं, त्यामुळे धुण्याआधी वाचल्या जात. घासता घासता माझ्या मनात येई, की ज्या माणसाला भाजीत मीठ कमी पडलं हे सांगता येत नाही, तो गावाला कुस्ती शिकवतो.

कारण आमच्या घरात भासऱ्यांनी आणि मी एकमेकांशी बोलायचं नाही, अशी रीत. एकाच घराची नाही, आमच्याकडे सगळीकडेच. भासऱ्यांच्या समोर यायचं नाही, तोंड दिसू द्यायचं नाही, आपली सावलीसुद्धा त्यांच्यावर पडू द्यायची नाही. जाऊबाई मी ह्या घरात यायच्या आधीच वारल्या होत्या, मूलबाळ नव्हतं, सासू-सासरे नव्हते. म्हणजे घरात बोलण्यासारखी आम्ही तीन माणसं, आणि त्यातली दोन एकमेकांशी मुकी. त्यांना जेवायचं असलं, की ते रांजणाला सांगत, "भूक लागली वाटते." मी पळी आपटत असे. एकदा आपटली तर झालं आहे, दोनदा आपटली तर थांबा. इतक्या वर्षांत त्यांनी त्या रांजणाशी जेवढं बोलणं केलं, तेवढं सख्ख्या भावाशी केलं नसेल.

सख्खा भाऊ म्हणजे माझे मालक. आईबाप लहानपणीच गेले. भासऱ्यांनी ह्यांना वाढवलं, शिकवलं, लग्न करून दिलं. त्यामुळे हे भावापुढे असे बसत, जसा काही अर्ज द्यायला आलेला पक्षकार.

आणि त्या वर्षी पावसाळ्यात ह्यांना बडनेऱ्याला रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरी लागली. क्वार्टर मिळणार होतं. दोन खोल्या, पुढे नळ. महिनाअखेर हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार. मला तर चूल कुठे घालायची, मोरी कोणत्या बाजूला असेल, तेही दिसायला लागलं होतं. अडचण एवढीच, की भासऱ्यांना सांगायचं होतं, आणि त्यांनी 'जा' म्हटल्याशिवाय हे उंबरा ओलांडणारे नव्हते.

"आज सांगतो," हे रोज सकाळी म्हणत.

"सांगितलं?" मी रोज संध्याकाळी विचारी.

"आज त्यायचा दमा वर होता."

दमा नसला तर शंकरलाल होता, शंकरलाल नसला तर एकादशी होती. मी म्हटलं, "तोंडानं होत नाही तं पाटीवर लिहा. मागच्या बाजूनं." ही युक्ती ह्यांना पटली. ते त्या संध्याकाळी भावासमोर कुस्तीला बसले. मी दारातून पाहत होते. चार-दोन डाव झाले. मग ह्यांनी घाम पुसला, लिहिलं आणि पाटी सरकवली.

वस्तादांनी वाचलं. एकदा चष्म्यावरून धाकट्याकडे पाहिलं. मग पुसलं आणि काहीतरी लिहून परत दिली. ह्यांनी ते वाचलं, नमस्कार केला आणि आत आले. तोंड उतरलेलं.

"नाही म्हनते," हे म्हणाले.

"काय लिहिलं होतं तुमी?"

"मी बडनेऱ्याले जाऊन राहिलो."

"मंग? त्यायनं काय लिहिलं?"

"वाट अडवून राहिलो. पाय उंबऱ्यावर."

मला संशय आला. "पाटीच्या कोन्या बाजूनं लिहिलं वो तुमी?"

ह्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "पुढच्या."

मी कपाळावर हात मारला. "अहो, मंग तो डाव झाला ना! जाऊन राहिलो म्हंजे त्यायले वाटलं, तुमी आखाडा सोडून पळून राहिले. त्यायनं अडवलं."

"डाव असो का काई असो," हे भिंतीला टेकून बसत म्हणाले, "अडवलं ना?"

जन्माची भाकरी मिळायची ती पाटीच्या एका बाजूवरून गेली होती. आणि आता मागच्या बाजूने लिहायचं म्हटलं तर ह्यांना धीर होईना. मला एकीकडे ह्यांची कीव आली आणि दुसरीकडे त्या अर्जनवीसाचा राग आला. सगळ्या तालुक्याचे अर्ज वाचणाऱ्या माणसाला 'बडनेऱ्याले' ह्या शब्दाचा अर्थ कळू नये? आखाड्यात कोणी बडनेऱ्याच्या दिशेने पळतं का? समजलं असणार. पण पुढच्या बाजूवर आहे ना, मग डाव. कलम पाचवं. काय भैताड माणूस आहे, असं मी मनाशी म्हटलं, आणि भासऱ्यांना असं म्हणू नये, हे माहीत असून दुसऱ्यांदा म्हटलं.

दिवस चालले होते. पोळ्याच्या सुमाराला गल्लीतले बरेच जण आपापल्या खेड्यांवर गेले. कोर्टाला सुट्टी. हे बाजारात गेले होते. दुपारी ओसरीत भासरे एकटेच. कुस्तीला कोणी आलं नव्हतं, म्हणून ते स्वतःशीच खेळत होते. एका बाजूला बसून डाव लिहायचे, पाटी समोर सरकवायचे, मग धोतर सावरत उठून समोर जाऊन बसायचे, चष्म्यातून वाचायचे, कपाळाला आठ्या घालायच्या, पुसून लिहायचे आणि पाटी सरकवून परत इकडे येऊन बसायचे. एकदा तर समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहून "अन् पाय?" म्हणाले. मी पाहत राहिले. इतका वेळ खेळूनही दोघांपैकी एकही पडेना.

मी धुतलेल्या पाट्यांतली एक घेतली. मागच्या बाजूवर लिहिलं, 'एक विचारायचे आहे.' आणि दाराच्या फटीतून ती ओसरीत सरकवली.

त्यांनी पाटी पाहिली. दाराकडे पाहिलं नाही, पाहायचं नसतंच. ते दाराकडे पाठ करून बसले, पाटी उचलली, उलटी करून पुढची बाजू पाहिली. ती कोरी होती. त्यांनी काहीतरी लिहिलं आणि हात मागे करून पाटी आत सरकवली.

'कुस्तीशिवाय मागची बाजू नाही. कलम पाचवे.'

घराला आग लागली तरी हा मनुष्य म्हणेल, आधी पैतरा लिहा. पण दुसरा रस्ता नव्हता. मी पुढच्या बाजूवर लिहिलं, 'दाराआड उभी आहे.'

पाटी आली. ''आहे' नको. 'उभी राहून राहिली.' अन् पाय?'

मी दात खात लिहिलं, 'दाराआड उभी राहून राहिली. पाय उंबऱ्याच्या आत.'

'वस्ताद पुढे येऊन राहिले. पाय ओसरीत.'

आता माझी पंचाईत. भासऱ्यांचा हात धरून राहिली, असं मी पाटीवर तरी कसं लिहू? बोट लावायचं नाही, सावली पाडायची नाही. मग एकदम लक्षात आलं, की ही पंचाईत एकट्या माझी नाही. तेही मला धरू शकत नाहीत. मी लिहिलं, 'पदर ओढून एक पाऊल पुढे येऊन राहिली. पाय उंबऱ्यावर.'

पाटी लवकर आली नाही. त्यांच्या पाठीवरून कळत होतं, की लिहितात आणि पुसतात. भावजय समोरून येत असेल तर भासऱ्यांनी काय करायचं, हे कोर्टात कोणी लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. शेवटी पाटी आली.

'वस्ताद मागे सरून राहिले. पाय ओसरीच्या कडेला.'

'पुढे येऊन राहिली. पाय ओसरीत.'

'मागे सरून राहिले. पाय पायरीवर.'

'पुढे येऊन राहिली. पाय ओसरीच्या कडेला.'

मग, अक्षर जरा वाकडं: 'पाय गल्लीत.'

इतक्या वर्षांत ज्याला शंकरलालचा मारुती हलवू शकला नाही, त्याला मी कोणताही डाव न टाकता त्याच्याच ओसरीतून बाहेर काढलं होतं. त्याखाली त्यांनी लिहिलं होतं, 'बरोबरी.' पाय गल्लीत आणि म्हणे बरोबरी! पण मी वाद घातला नाही. पाटी उलटी केली आणि खरं होतं ते लिहिलं. बडनेऱ्याची नोकरी, क्वार्टर, महिनाअखेर. 'आम्ही जावे काय?'

त्यांनी ते वाचलं. उत्तर मागच्याच बाजूवर आलं.

'धाकट्याने मले पुसले काहून नाही?'

'पुसले होते. पुढच्या बाजूने.'

'पुढचे मी खरे मानत नाही.'

मी लिहिलं, 'मग हे मागचे आहे. जावे काय?'

ही पाटी परत आली नाही. त्यांनी ती शेजारी पालथी ठेवली, खुंटीवरची टोपी घेतली आणि खरोखरच गल्लीत निघून गेले. दिवे लागल्यावर आले. रांजणाला भूक लागल्याचंही सांगितलं नाही. मी आपणच पळी आपटली. ते जेवले, हात धुतले, झोपले. हे मला हळूच म्हणाले, "पाह्य, मी म्हटलं होतं ना, नाही म्हनते." माझ्या मनातून तो पुढचा नळ आणि ती मोरी दोन्ही पुसली गेली होती. ज्या माणसाला एका अक्षराचं उत्तर देता येत नाही त्याने दुनियेला कलमं शिकवू नयेत, असं म्हणत मी कूस बदलली.

सकाळी भांड्यांच्या आवाजाने उठले. भासरे माजघरात होते. जन्मात कधी न केलेली गोष्ट करत होते: फळीवरची पितळेची भांडी एकेक करून खाली काढत होते आणि ओसरीत नेऊन ठेवत होते. त्यातलं एक पातेलं हातातून सुटून घरभर लोळलं. पायरीपुढे गल्लीत चाँदभाई कल्हईवाला भाता जमवून निखारे फुलवत बसला होता. तो कोर्टाच्या रस्त्यावर राहतो. आदल्या संध्याकाळी वस्ताद त्याच्याकडे जाऊन आले होते, हे मला तेव्हा कळलं.

मी स्वयंपाकघराच्या, ओसरीकडच्या दाराआड उभी राहिले. हे माझ्या मागे.

"दोन ढीग आहेत," भासरे चाँदभाईला सांगत होते. "हा मोठा बडनेऱ्याले जाते. याची कल्हई चांगली जाड कर. नवं घर आहे, परगावी पुन्हा कल्हईवाला कवा भेटन कवा नाही. अन् हे अठीच राहाते."

हे माझ्या खांद्यावरून पाहत होते. त्यांनी नाक ओढलं. मी ढिगांकडे पाहिलं.

मोठ्या ढिगात सगळं होतं. पातेली, गंज, परात, ताटं, वाट्या, पेले, जाऊबाईंच्या रुखवतातली मोठी कळशीसुद्धा. आणि अठीच राहणाऱ्या ढिगात एक ताट, एक वाटी आणि एक पेला. बस्स. शिजवायचं एक भांडं नव्हतं. जो माणूस दुसऱ्याच्या प्रत्येक डावाला पाय कुठे म्हणून विचारतो, त्याच्या हे लक्षात आलं नव्हतं, की भात पेल्यात शिजत नाही. त्यांनी आपल्यापुरतं जेवायचं तेवढं ठेवलं होतं. ते अन्न येणार कुठून, हा विचार त्यांच्या डोक्याला शिवलाच नव्हता.

लोळलेलं पातेलं आणायला ते परत माजघरात वळले, तेवढ्यात मी हात बाहेर काढून मोठ्या ढिगातला भात शिजवायचा एक गंज उचलला आणि त्यांच्या ढिगात ठेवला. मग, का ते मला सांगता येत नाही, एक ताटही उचललं आणि त्यांच्या ताटावर ठेवलं.

ते परत आले. चाँदभाईने त्यांच्या ढिगाकडे बोट केलं.

"वस्ताद, तुमी तं तीन चिजा बोल्ले होते. हे पाच झाल्या."

भासऱ्यांनी वाकून पाहिलं. "गंज काहून आला अठी?"

"भात कायच्यात पकवसान?" चाँदभाई म्हणाला.

ह्याला त्यांच्यापाशी कलम नव्हतं. "बरं," ते म्हणाले. "राहू दे."

"अन् ताट? एकल्या मानसाले दोन ताटं कायले?"

भासरे त्या ताटाकडे पाहत उभे राहिले. वरचं ताट त्यांनी उचललं. मला वाटलं, आता मोठ्या ढिगात टाकतात. त्यांनी ते धोतराच्या सोग्याने पुसलं, दोन्ही बाजूंनी, आणि परत होतं तिथेच ठेवलं.

"दिवाळीले लेकी माहेरी येतात का नाही?" ते चाँदभाईला म्हणाले. "तवा लागन."

चाँदभाई त्यांना बायको होती तेव्हापासून ओळखत होता. ह्या घरात लेक कधी जन्मलीच नाही, हे त्याला माहीत होतं. त्याने तोंड उघडलं, मग दाराकडे पाहिलं. माझा हात अजून चौकटीवर होता.

"हौ, लागन ना," तो म्हणाला. "मंग हेच पयले करतो."

आणि त्याने ते ताट सांडशीत धरून निखाऱ्यावर धरलं.